पांढऱ्या पाटीची पंधरा मोकळी वर्षे

गणपती जवळ आले की कोकणात दोन वाद हमखास रंगतात. पहिला मुंबई-गोवा महामार्गाचा. तो २०११ पासून चालू आहे आणि महामार्गासारखाच संपत नाही. दुसरा गेल्या चार-पाच वर्षांतला: जुन्या गाड्यांचे करायचे काय? २०२१ मध्ये केंद्राचे भंगार धोरण आले. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांच्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून थेट ५,००० झाले. २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारीसाठी ते १०,००० केले गेले. त्याच वर्षी जुलैत दिल्लीत जुन्या गाड्यांना पंपावर इंधन न देण्याचा प्रयोग झाला आणि लोकांच्या संतापापुढे काही दिवसांत गुंडाळावा लागला. तेव्हापासून आपल्याकडेही दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, ही जुनी डबडी रस्त्यावरून काढल्याशिवाय अपघात थांबायचे नाहीत. दुसरा म्हणतो, आधी खड्डे बुजवा, मग आमच्या गाडीला हात लावा. गंमत अशी की या सगळ्या आरडाओरड्यात गाडीविषयी कोणी बोलतच नाही. पहिल्याला तिची जन्मतारीख दिसते, दुसऱ्याला तिच्या खालचा रस्ता. तिचे ब्रेक लागतात का, टायरला नक्षी उरली आहे का, हे विचारायला दोघांनाही सवड नाही.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. गाडीचे वय हा कायद्याचा निकष असू नये, तिची अवस्था हा असावा. आणि अवस्था कळायची असेल तर पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी गाडीचीसुद्धा चौथ्या-पाचव्या वर्षापासून दर दोन वर्षांनी यंत्रावर मोजून तपासणी झाली पाहिजे. पंधराव्या वर्षी एकदम जाग यायची आणि तोवर डोळे मिटून घ्यायचे, ही आजची रीत दोन्ही तटांना सोयीची असली तरी वेडगळ आहे.

आजचा नियम काय आहे? पिवळ्या पाटीच्या गाडीला, म्हणजे रिक्षा, टॅक्सी, टेम्पो, ट्रक, बस यांना, पासिंग असते. नवी असताना दोन वर्षांचे योग्यता प्रमाणपत्र, आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी नूतनीकरण, पुढे दरवर्षी. खासगी मोटारीची नोंदणी मात्र एकदा झाली की १५ वर्षे. या १५ वर्षांत सरकार तिच्याकडे तपासणीचा म्हणून एकच कागद मागते, तो पीयूसीचा. धूर तेवढा पाहायचा. ब्रेक, स्टिअरिंग, टायर, खालचा सांगाडा यांपैकी कशालाही कोणी हात लावत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसी असल्याशिवाय विम्याचे नूतनीकरण करू नये असे सांगितले, म्हणून विम्याच्या निमित्ताने का होईना धुराचा प्रश्न विचारला जाऊ लागला; २०२४ मध्ये न्यायालयाने तीही अट काढून घेतली. ब्रेकचा प्रश्न तर कधीच विचारला गेला नाही. साखरप्याहून रत्नागिरीला खेपा मारणाऱ्या सहाआसनीला साहेबापुढे उभे राहावे लागते. तिच्या मागून त्याच वळणावर, तिच्याहून जास्त वेगाने येणाऱ्या दीड टनाच्या मोटारीला १५ वर्षांत एकदाही कोणी ‘थांब, बघू’ म्हणत नाही. भाडे देऊन बसला तरच माणसाचा जीव मोलाचा, असा हा हिशेब आहे काय?

त्यातून पंधरा वर्षे म्हणजे सगळीकडे सारखी पंधरा वर्षे नव्हेत. घाट, पाऊस आणि खारा वारा या तिन्ही गोष्टी एकाच गाडीच्या वाट्याला येतात त्या कोकणात. कुंभार्ली, आंबा, करूळ, फोंडा, आंबोली, कुठलाही घाट घ्या. दीड टनाची मोटार घाटमाथ्यावरून सहाशे मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी, ती साधारण ३० लिटर पाणी उकळीला आणायला पुरेल इतकी असते. गाडी खालच्या गिअरवर धरली तर त्यातली बरीचशी इंजिन गिळते. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडली तर सगळा ताप ब्रेकच्या माथी. (न्यूट्रलमध्ये घाट उतरवणे ही हुशारी समजणारे चालक आपल्याकडे अजून आहेत, आणि शेजारच्या सीटवर बसून त्यांचे कौतुक करणारेही.) आता या तापाचे पुढे काय होते? गॅरेजात ज्याला ब्रेक ऑइल म्हणतात ते हवेतला ओलावा शोषून घेते. नेहमीच्या वापरातल्या डॉट-३ जातीच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी शिरले की तो १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. म्हणून ते दोन वर्षांनी बदलायचे असते. इथल्या दमट हवेत तर ते लांबवूच नये. बदलतो कोण? पातळी कमी झाली की वरून ओतायचे, ही आपली देखभाल.

जुने ब्रेक ऑइल उतारावर उकळते आणि त्यात वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल जमिनीला टेकते आणि गाडी तशीच पुढे जाते. चालक वाचलाच तर सांगतो, ब्रेक फेल झाले. पण तासा-दोन तासांनी सगळे थंड झाल्यावर कोणी पेडल दाबून पाहिले तर ब्रेक लागूही शकतात. मग कागदावर काय उरते? चालकाचे नियंत्रण सुटले. हा मुद्दा मी पुढे आकडेवारीच्या वेळी पुन्हा काढणार आहे, म्हणून तो इथे थोडा लांबवला.

दुसरी खास कोकणी चीज म्हणजे गावची गाडी. मुंबईत दहा-बारा वर्षे वापरलेली मोटार विकली तर फार पैसे येत नाहीत, म्हणून ती गावच्या घरी आणून ठेवतात. शिमग्याला आणि गणपतीला ती चालते, मे महिन्यात मुले आली तर थोडी जास्त. बाकी वर्षभर खळ्याच्या कडेला ताडपत्रीखाली. मालक अभिमानाने सांगतो, ‘फक्त चाळीस हजार चालली आहे.’ पण उभ्या गाडीचेही वय होतच असते. मागच्या ड्रममध्ये गंज धरतो, हँडब्रेकची केबल अडकते, उंदीर वायरी कुरतडतात, टायरचे रबर आतून कडक होते. टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१४ लिहिले असेल तर तो टायर २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही खोल दिसली तरी तो आता लांबच्या प्रवासाचा राहिलेला नाही. गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत सर्व्हिसिंगसाठी ‘इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते’ असे लिहिलेले असते. आपण त्यातले किलोमीटर वाचतो, महिने वाचत नाही. आणि हीच गाडी वर्षातून एकदा, घरच्या सात माणसांसह आणि टपावरच्या सामानासह, भर पावसात घाट चढते.

किनाऱ्याचे तर वेगळेच. मुरूड, हर्णै, गुहागर, तारकर्ली भागातल्या गाड्यांच्या पोटाखाली वाकून पाहा. वरचा रंग झळझळीत आणि खाली ब्रेकच्या पाइपला पापुद्रे. वाळूत गाडी घालून लाटांतून फवारे उडवणाऱ्या पाहुण्यांना हे कळत नाही, कारण मीठ आपले काम सावकाश करते आणि तोवर पाहुणे पुण्याला पोचलेले असतात.

आता पहिल्या तटाकडे, म्हणजे वयवाल्यांकडे. त्यांच्या बाजूने जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. जुन्या मोटारी जास्त धूर सोडतात. २०१९ आधीच्या पुष्कळ मोटारींना एबीएस नाही, एअरबॅग नाही. ओल्या रस्त्यावर एकदम ब्रेक मारला की चाके अडकून गाडी घसरते. एवढे खरे. पण म्हणून सोळाव्या वाढदिवसाला गाडी आपोआप धोकादायक होते आणि चौदाव्या वर्षी ती निर्धोक असते, हे कुठले शास्त्र? एखाद्या शिक्षकाने निगुतीने वापरलेली, दर मे महिन्यात मेस्त्रीकडे उघडून पाहिलेली सतरा वर्षांची मोटार आणि टायर गोटा होईपर्यंत रेमटवलेली सहा वर्षांची पर्यटक गाडी, यांत तुम्ही आपल्या मुलांना कुठल्या गाडीत बसवाल? नव्या मोटारीला सुरक्षेचे किती तारे मिळाले यावर आपण हिरिरीने बोलतो. ते तारे नव्या गाडीचे असतात. झिजलेल्या ब्रेकसकट कोणी चाचणीची धडक देत नाही.

‘रामदास’ बोट आठवा. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. त्यातली बहुतेक आपलीच, गटारीला गावी निघालेली. ही बोट म्हातारी नव्हती. १९३६ मध्ये बांधलेली, म्हणजे अवघी अकरा वर्षांची. आजच्या भाषेत सांगायचे तर तिची नोंदणी संपायला अजून चार वर्षे होती. पावसाळी समुद्र, खच्चून भरलेली माणसे, लाट आली तशी एका बाजूला झालेली गर्दी, तोकडी जीवरक्षक साधने आणि कळवायला बिनतारी यंत्र नाही. यांतल्या एकाही गोष्टीचा बोटीच्या वयाशी संबंध होता का? निघण्यापूर्वी धक्क्यावर कोणी नीट पाहिले असते तर दिसण्याजोग्या गोष्टी मात्र यात होत्या.

दुसऱ्या तटाशी माझे भांडण जास्त आहे, कारण तो माझ्या जवळचा आहे. ‘आधी रस्ता द्या’ या मागणीतला राग शंभर टक्के रास्त आहे. महामार्गाचे काम सुरू झाले त्या वर्षी घेतलेली मोटार आता नोंदणी संपण्याच्या वयाला आली, आणि महामार्ग अजून पुरता झाला नाही. मार्च २०१३ मध्ये खेडजवळ जगबुडीच्या जुन्या अरुंद पुलावरून खासगी बस कोसळून ३७ माणसे गेली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आले. रस्त्याच्या सदोष रचनेमुळे वा देखभालीमुळे माणूस मेला किंवा जायबंदी झाला तर ठेकेदार आणि संबंधित यंत्रणेला दंड होऊ शकतो. कोकणात हे कलम कोणाला लागलेले तुम्ही ऐकले आहे का? तेव्हा सरकारने खड्ड्यांचा हिशेब द्यावा, आणि तो देईपर्यंत आपण मागत राहावे, याबद्दल दुमत नाही.

पण याच मागणीतून ‘तोवर गाडी तपासू नका’ हे कसे निघते? खड्ड्यांनीच तर बॉल जॉइंट सैल होतात, बुश जातात, शॉकअप गळतात, टायरला आतून फुगा धरतो. रस्ता वाईट आहे हे गाडी जास्त वेळा पाहण्याचे कारण झाले, न पाहण्याचे नव्हे. आणि जिथे रस्ता चांगला झाला तिथे काय घडते आहे? चौपदरी काँक्रीट लागले की तीच थकलेली गाडी साठच्या ऐवजी शंभरने पळते. कशेडीच्या वळणांवर जी गाडी पूर्वी घाबरत उतरायची ती आता बोगद्यातून सुसाट बाहेर पडते. खड्ड्यांनी लपवलेला ब्रेकचा दोष गुळगुळीत रस्ता उघडा करतो.

या बाबतीत कोकण रेल्वेचे उदाहरण घरचेच आहे. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ दरड येऊन गाडी घसरली, पन्नासहून अधिक माणसे गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसवर तशीच पाळी आली. त्यानंतर ‘आधी डोंगर सरळ करा, मग गाडीचे बोला’ असा वाद घालत रेल्वे बसली नाही. डोंगरउतार कापले, जाळ्या बसवल्या. त्याच वेळी पावसाळी वेळापत्रक करून वेग कमी ठेवला आणि रुळांवर रात्रंदिवस गस्तीची माणसे चालवली. डोंगर आणि गाडी, दोन्हीकडे एकदम पाहिले. आज जूनमध्ये गाडी उशिरा पोचते म्हणून आपण कुरकुरतो, पण ती कुरकुर रत्नागिरी स्टेशनात उभे राहून करतो, हेही ध्यानात घ्यावे.

सर्वांत वजनदार आक्षेप आकड्यांचा आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, महाराष्ट्रात १५ हजारांवर. यातले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर लिहिलेले आहेत. अमेरिकेतल्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या प्रसिद्ध पाहणीत निर्णायक कारण म्हणून चालक ९४ टक्के आणि वाहन फक्त २ टक्के निघाले. न्यू जर्सीने २०१० मध्ये खासगी मोटारींची यांत्रिक तपासणी बंद केली, टेक्सासने १ जानेवारी २०२५ पासून. ज्यांच्याकडे तपासणी होती तेच ती सोडत असतील तर आपण ती गळ्यात का घालून घ्यायची? प्रश्न चांगला आहे आणि त्याला ‘जीव मोलाचा’ एवढेच उत्तर देऊन चालणार नाही.

पहिली गोष्ट, त्या पाहणीतच स्पष्ट म्हटले आहे की निर्णायक कारण म्हणजे घटनांच्या साखळीतली शेवटची कडी. त्यावरून दोष कोणाचा हे ठरवू नये. वरच्या घाटातल्या गाडीकडे या नजरेने पाहा. शेवटची कडी चालकाची, त्याने वळण चुकवले. त्याआधीची कडी तीन वर्षे न बदललेल्या ब्रेक ऑइलची, ती कोणत्याच रकान्यात बसत नाही. दुसरी गोष्ट, अतिवेग म्हणजे तरी काय? जेवढ्या अंतरात थांबायला हवे तेवढ्यात थांबता न येणे. ते अंतर निम्मे चालकाच्या हाती आणि निम्मे टायर-ब्रेकच्या. नियमाने मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी, दुचाकी-तीनचाकीची ०.८. आषाढातल्या पाण्यावर गोट्या टायरची गाडी पन्नासच्या वेगातही घसरते, आणि पंचनाम्यात ती वेगानेच घसरलेली असते. चालक चुकणारच, पेंगणार, फोन पाहणार, कुत्रा आडवा आला की दचकणार. चूक झाल्यावर तिला सावरायला जी दोन-चार मीटर जागा लागते ती ब्रेक देतात. तिसरी गोष्ट, अमेरिकेतला २ टक्क्यांचा आकडा आपल्याकडच्या गाड्यांना, आपल्याकडच्या देखभालीला जसाच्या तसा लावायचा कशाच्या बळावर? लावलाच, तरी वर्षाला तीन हजारांवर माणसे होतात. विमान पडले तर एवढ्यातल्या दहाव्या हिश्शासाठी आपण चौकशी समिती नेमतो.

मग उरतो तो आक्षेप, जो कोणी लेखात लिहीत नाही पण नाक्यावर प्रत्येक जण बोलतो. तपासणी आणली की एजंट येणार. गाडी न नेता प्रमाणपत्र घरपोच मिळणार. पीयूसीचे काय झाले ते दिसतेच आहे. नळी धुराड्यात न घालता कागद हातात पडल्याचा अनुभव किती जणांना आला असेल, ते ज्याचे त्याने आठवावे. या आक्षेपापुढे मी बराचसा नमतो. खोटी तपासणी ही तपासणी नसण्यापेक्षा वाईट, कारण ती माणसाला निर्धास्त करते. सावित्रीवरचा महाडचा ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला आणि दोन एसटी गाड्या, इतर वाहने, त्यांतली माणसे त्याच्याबरोबर गेली. त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची पाहणी झाली होती आणि तो धोकादायक नाही असे ठरले होते, हे नंतर सरकारनेच सांगितले. पुलावर उभे राहून पाहिले तर पूल दिसतो. पाण्याखालच्या पायाचे काय झाले ते दिसत नाही. डोळ्यांनी पाहणे आणि मोजणे यांतला फरक त्या रात्री कळला. गाड्यांच्या पासिंगचेही तेच. ब्रेक तपासायला २५० मीटरचा मार्ग नसेल तर तिथून योग्यता प्रमाणपत्र देऊ नका, हे मुंबई उच्च न्यायालयाला आपल्या परिवहन खात्याला सांगावे लागले होते. म्हणजे तोवर ब्रेक तपासले जात होते ते कुठे?

तरीही ‘खोटी होते म्हणून नकोच’ हा निष्कर्ष मला पटत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात मालक लोक कुजकी, वाजवीपेक्षा जास्त लादलेली जहाजे समुद्रात सोडत. बुडाली तर विमा मिळे, खलाशी मरत. सॅम्युअल प्लिमसॉल या खासदाराने जहाजाच्या अंगावर भाररेषा आखायची सक्ती करा म्हणून रान उठवले. मालक म्हणाले, धंदा बुडेल, चूक कप्तानाची असते. अगदी आजचेच युक्तिवाद. १८७६ मध्ये कायदा झाला, पण त्यात रेषा कुठे आखायची ते मालकावरच सोडले होते. म्हणजे कायदा झाला आणि पोकळ झाला. तेव्हा लोकांनी रेषाच रद्द करा असे म्हटले नाही. रेषेची जागा कायद्याने ठरवायला आणखी चौदा वर्षे लागली, १८९० मध्ये ती ठरली, आणि आज जगातल्या मालवाहू जहाजांवर ती असते. जर्मनीत त्याहीआधी, मानहाइम इथे १८६५ मध्ये बिअरच्या एका कारखान्याचा बॉयलर फुटला, तेव्हा पुढच्याच वर्षी बॉयलरच्या मालकांनीच एकत्र येऊन स्वतंत्र तपासनिसांची संस्था काढली. त्याच परंपरेतल्या संस्था आज तिथे मोटारी तपासतात. दुरुस्ती करणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा, ही त्यातली कळीची गोष्ट. यंत्राने मोजलेला आकडा थेट नोंदला जातो, समोर गाडी उभी असल्याचा फोटो जातो, तिथे एजंटचे काम थांबत नसले तरी महाग होते.

गरिबाचे काय? हा प्रश्न विचारणारे बहुतेक वेळा स्वतः गरीब नसतात, पण म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. ज्याच्याकडे अठरा वर्षांची मोटार आहे तो ती हौसेने वापरत नाही. दापोलीच्या आतल्या वाडीतून बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला दुसरे काही नसते. त्याच्याकडून पाच किंवा दहा हजार शुल्क घेऊन सुरक्षितता कशी वाढते? तेवढ्यात ब्रेक ऑइल, पॅड आणि वायपर बदलून वर पेट्रोलला पैसे उरतील. शुल्क वाढवणे हा गाडी रस्त्यावरून हटवण्याचा आडमार्ग आहे, तपासणीचा नाही. २०२४ मध्ये योग्यता प्रमाणपत्राला उशीर झाला म्हणून दिवसाला ५० रुपये दंडाविरुद्ध रिक्षावाले रस्त्यावर उतरले, तेही बरोबरच होते. ब्रिटनने १९६० मध्ये तपासणी आणली ती दहा वर्षांवरच्या मोटारींसाठी, ब्रेक-दिवे-स्टिअरिंग एवढ्यापुरती. पहिल्याच फेरीत इतक्या गाड्या नापास झाल्या की पुढच्याच वर्षी मर्यादा सात वर्षांवर आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर आली. वय वाढवत न नेता खाली आणले, हे पाहण्यासारखे आहे. आणि तिथे दोषांच्या पायऱ्या आहेत: किरकोळ, मोठा, धोकादायक. काचेला तडा गेला म्हणून गाडी भंगारात जात नाही.

राहता राहिले ते ‘कोकणी माणूस आपल्या वस्तूची आपणच काळजी घेतो’ म्हणणारे. मिरगाआधी घर शाकारायला सरकारी नोटीस लागत नाही हे खरे. पण नळा फुटला तर पहिल्याच सरीला पाणी अंथरुणावर पडते आणि दुसऱ्या दिवशी माणूस शिडी लावतो. ब्रेकच्या पाइपचा गंज असा आधी सांगून येत नाही, आणि त्याचे पाणी शेजारच्याच्या अंगणात पडते.

करायचे कुठे, हा व्यवहाराचा भाग. रत्नागिरीत किंवा ओरोसला एक चकाचक केंद्र उभारून मंडणगडच्या आणि दोडामार्गच्या माणसाला तिथे बोलावले तर एजंटचे भलेच होईल. मंडणगड, दापोली, खेड, गुहागर, देवरुख, लांजा, राजापूर, इकडे देवगड, मालवण, वेंगुर्ले, सगळीकडे एसटीची आगारे आहेत. तिथे गाडीखाली उतरायचे खड्डे आहेत, ब्रेक ओळखणारे हात आहेत. त्यात एक रोलर ब्रेक टेस्टर, म्हणजे चाके रोलरवर फिरवून ब्रेकचा जोर मोजणारे यंत्र, बसवा. खासगी गाडी दुरुस्त करण्यात त्यांचा काडीचा फायदा नाही, म्हणून खोटा दोष काढायचेही कारण नाही. मेस्त्रींचा धंदा बुडेल अशी भीती कोणी घालेल. उलट तपासणीचा कागद घेऊन माणूस पहिला त्यांच्याकडेच जाईल. खर्चासाठी पंधरा वर्षांपुढच्या गाड्यांकडून राज्य जो पर्यावरण कर घेते तो आहे. पहिली दोन वर्षे दंड ठेवू नये. धोकादायक निघालेली गाडी जागीच थांबवावी, बाकीच्यांना महिन्याची मुदत द्यावी. वेळ मे महिन्याच्या मध्यापासून मिरगापर्यंतची, आंब्याच्या पेट्यांची धावपळ ओसरलेली असते तेव्हाची.

मुंबई-ठाण्यात नोंदलेल्या चाकरमान्यांच्या गाड्यांना मात्र हे लागू पडणार नाही, आणि गणपतीत घाटात रांगा लावतात त्या त्याच. त्यांच्यासाठी सरकार दरवर्षी टोलमाफीचे पास काढते. गाडीचा नंबर आणि मालकाचे नाव घालून ते परिवहन कार्यालयांतून आणि वाहतूक पोलिसांकडून मिळतात, आणि ते घ्यायला माणसे हौसेने जातात. पास देण्याआधी गाडी दारात आणायला सांगा, चारही टायर आणि स्टेपनी यांच्या नक्षीची खोली मोजा, टायरवरचा आठवडा-वर्षाचा शिक्का वाचा, ब्रेक ऑइलमधल्या पाण्याचे प्रमाण दाखवणारी पेनासारखी कांडी त्यात बुडवा, दिवे आणि वायपर चालवून पाहा. यात पाऊण तास जाईल. नक्षी १.६ मिलिमीटरच्या आत असेल तर त्या वर्षी त्या गाडीला पास नाही. मालकाने टायर बदलून यावे, किंवा एसटीचे तिकीट काढावे.